पिता, पुत्र आणि एक व्हॉल्व्ह

मंडळी, आज आधी थोडं प्लंबिंग.

आपल्या मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. दिवसाला साधारण अर्धा लिटर. आता गंमत अशी की मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून हा द्रव एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपासच असतो. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदललं जातं. आत तयार होतं, अरुंद वाटांनी बाहेर पडतं, मेंदूभोवती फिरतं आणि शेवटी रक्तात मिसळतं.

यातली एखादी वाट तुंबली तर? द्रव तयार करणारे रक्तवाहिन्यांचे झुबके काही थांबत नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्यूसर चालूच, कन्झ्यूमर अडकलाय आणि क्यू फुगत चाललाय. मोठ्या माणसाची कवटी बंद डब्यासारखी, त्यामुळे डोकं भयानक दुखतं, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो. तान्ह्या बाळाचं वेगळं. आपल्याकडे आज्या जिच्यावर तेल घालतात ती टाळू अजून भरलेली नसते, कवटीची हाडं एकमेकांना चिकटलेली नसतात. त्यामुळे डोकंच वाढत जातं. टाळू फुगते, कपाळावरच्या शिरा दिसायला लागतात आणि बाळाचे डोळे खाली वळतात. बुबुळ खालच्या पापणीआड अर्धं बुडालेलं. डॉक्टरांनी या लक्षणाला नाव दिलंय 'मावळता सूर्य'. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं असेल कोण जाणे.

या आजाराला हायड्रोसेफॅलस म्हणतात. घरोघरी 'मेंदूत पाणी झालंय' एवढंच म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

तुंबलेल्या पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची, हे कुठल्याही मिस्त्रीला सुचेल. एक नळी मेंदूतल्या पोकळीत, दुसरं टोक मानेतल्या शिरेतून हृदयाजवळ. पण नुसती नळी चालत नाही. पाणी भसाभसा वाहून गेलं तर मेंदू आत ओढला जातो, आणि रक्त उलटं नळीत शिरलं तर तिथेच गोठून नळी बंद. म्हणजे एकाच दिशेने उघडणारा आणि ठरावीक दाबालाच उघडणारा व्हॉल्व्ह हवा. तोही बाळाच्या कानामागे कातडीखाली मावेल एवढा. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये डॉ. नल्सेन आणि डॉ. स्पिट्झ यांनी 1949 साली एका मुलात असा व्हॉल्व्ह बसवून दाखवला. स्प्रिंग आणि बारीक गोळी असलेला. कल्पना बरोबर होती, पण हे व्हॉल्व्ह अडकायचे.

इथे आपल्या गोष्टीतला पहिला बाप येतो. जॉन होल्टर. (चोवीस तास ईसीजी घेणाऱ्या 'होल्टर मॉनिटर'वाला होल्टर हा नव्हे. तो नॉर्मन होल्टर, वेगळा माणूस. मीही आधी दोघांना एकच समजून वाचत होतो.) हा जॉन होल्टर डॉक्टर नव्हता, पदवीधर इंजिनियरही नव्हता. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'येल अँड टाउन' कंपनीत तो कारागीर होता. नोव्हेंबर 1955 मध्ये त्याला मुलगा झाला, केसी. पाठीच्या कण्याचा जन्मदोष आणि पाठोपाठ डोक्यात पाणी. केसीला फिलाडेल्फियात डॉ. स्पिट्झ यांच्याकडे आणलं. टाळूतून सुई घालून पाणी काढणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असा प्रकार चालला होता.

होल्टरने स्पिट्झना विचारलं, नक्की अडचण काय आहे? स्पिट्झनी सांगितलं. आणि होल्टरच्या लक्षात आलं की हा वैद्यकाचा प्रश्नच नाही, हा आपल्या वर्कशॉपमधला प्रश्न आहे. हॉस्पिटलमध्ये त्याने एक गोष्ट पाहिली होती. रबरी नळीला सुई टोचून औषध सोडतात, सुई काढली की भोक आपोआप मिटतं, गळत नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या निपलचंही तेच. आतून दाब आला की चीर उघडते, दाब गेला की मिटते. बाहेरून कितीही दाबा, उलटं काही आत जात नाही. ना गोळी, ना स्प्रिंग. लवचीक नळीला एक चीर, बस्स. त्याच्या व्हॉल्व्हमध्ये अशा दोन चिरा होत्या आणि मध्ये नळीचा छोटा तुकडा. कातडीवरून बोटाने दाबला तर तो पंपासारखा चालायचा, म्हणजे आत सगळं ठीक वाहतंय का ते बाहेरून कळायचं.

साध्या रबराचा शरीरात निभाव लागेना, म्हणून त्याने तेव्हा नवं असलेलं सिलिकॉन वापरलं. मार्च 1956 मध्ये पहिला होल्टर व्हॉल्व्ह बसवला गेला. केसीच्या जन्मानंतर जेमतेम चार महिन्यांत! आमच्याकडे एवढ्या वेळात रिक्वायरमेंटवर सह्या होत नाहीत. पण तो पहिला व्हॉल्व्ह केसीच्या वाट्याला आला नाही. केसीची तब्येत तेव्हा ऑपरेशन झेपेल अशी नव्हती. तो गेला दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यात, आणि चालला. केसीला नंतर बसवला, पण त्याआधीच व्हायचं ते नुकसान झालं होतं. केसी पाच वर्षं जगला. होल्टरने नोकरी सोडून व्हॉल्व्ह बनवण्याचाच कारखाना काढला आणि पुढची कित्येक वर्षं जगभर हजारो मुलांच्या कानामागे त्याचं नाव राहिलं. होल्टर गेला 2003 साली.

दुसरा बाप तुम्हाला माहीत आहे. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'वाला रोआल्ड डाल.

डालच्या घराकडे मी जरा थांबणार आहे, कारण या घरात जे घडलं ते फक्त व्हॉल्व्हपुरतं नाही. आईवडील नॉर्वेचे, जन्म वेल्समधला, बाप्तिस्मा कार्डिफच्या नॉर्वेजियन चर्चमधला. शाळा रेप्टन, आणि तिथले हेडमास्तर जेफ्री फिशर हे धर्मगुरू. हेच फिशर पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि 1953 साली राणी एलिझाबेथच्या डोक्यावर त्यांनी मुकुट ठेवला. म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला सर्वांत मोठा माणूस डालला शाळेपासून ओळखत होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डाल युद्धात वैमानिक होता. 1940 मध्ये वाळवंटात त्याचं विमान कोसळलं आणि कवटी फुटली, त्यामुळे डोक्याला मार बसणं म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत नव्हतं. बायको पॅट्रिशिया नील, हॉलिवूडची नटी. 1960 मध्ये त्यांना दोन मुली होत्या, ऑलिव्हिया आणि टेसा, आणि जुलैत जन्मलेला मुलगा थिओ.

5 डिसेंबर 1960, न्यूयॉर्क. आया बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. एक टॅक्सी आली आणि तिने बाबागाडी उडवली. थिओ चार महिन्यांचा होता. कवटीला जबर मार. जीव वाचला, पण मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता आणि काही दिवसांतच पाणी साठू लागलं. म्हणजे जन्मापासूनचा आजार नव्हे, पण तुंबणं तेच. थिओच्या डोक्यात शंट बसवला. त्यात होल्टरचा व्हॉल्व्ह होता.

आणि तो तुंबायला लागला.

यात होल्टरची चूक नव्हती. त्याची चीर स्वच्छ पाण्यासाठी होती. थिओच्या डोक्यात रक्तस्रावानंतरचा गाळ होता, आणि बारीक चिरेत गाळ अडकणारच. पण आईबापांना कारण कळून काय उपयोग? ज्या दिवशी मूल जास्त झोपाळू वाटलं, त्या दिवशी जीव टांगणीला. ओकलं की शंका. नजर हलत नाही असं वाटलं की हॉस्पिटल. दर वेळी कवटी उघडायची, नळी बदलायची, घरी यायचं आणि पुन्हा त्या मुलाकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. एकदा तर थिओची दृष्टी गेली आणि नंतर परत आली.

आमच्या क्षेत्रात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवडाभर रात्री फोन उशाशी, कधी काय कोसळेल सांगता येत नाही. आठवडा संपला की फोन दुसऱ्याच्या उशाशी जातो. या आईबापांचा आठवडा संपत नाही. आणि हे 1961 पुरतंही नाही. शंट आजही वापरतात (आता दुसरं टोक बहुधा पोटात सोडतात) आणि लहान मुलांमधले तीस ते चाळीस टक्के शंट पहिल्या वर्षातच बिघडतात. मी हा आकडा दोनदा तपासला. आमच्या एखाद्या सिस्टिमचा हा आकडा असता तर ती पहिल्याच महिन्यात बंद पडली असती. पण इथे बंद करून चालत नाही, कारण दुसरा पर्याय म्हणजे काहीच न करणं.

डाल कुटुंब 1961 मध्ये इंग्लंडला, ग्रेट मिसेंडन नावाच्या गावात परतलं. न्यूयॉर्कची वाहतूक नको, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. थिओवर आता लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. केनेथ टिल उपचार करत होते. आणि डालला आठवला स्टॅनली वेड.

वेड हा हायड्रॉलिक्सचा इंजिनियर. डालची आणि त्याची ओळख खेळण्यातल्या विमानांमुळे. दोघांना इंजिन लावून छोटी विमानं उडवायचा नाद. त्या विमानांच्या इंजिनात इंधन सोडणारे इवलेसे पंप वेड बनवायचा आणि त्याचे पंप तुंबत नसत! डालने त्याला विचारलं, असंच काहीतरी माझ्या मुलाच्या डोक्यासाठी बनवशील का? मग डाल, वेड आणि टिल असं त्रिकूट जमलं. टिल यांनी सांगायचं डोक्यात काय चालतं, वेडने लेथवर बसायचं आणि डालने दोघांच्या मागे लागायचं. (प्रत्येक चांगल्या प्रोजेक्टला एक मागे लागणारा लागतो. त्याला पगार मिळतो की नाही हा वेगळा मुद्दा.)

जे बनलं ते होतं स्टेनलेस स्टीलचं एक छोटं घर आणि त्यात धातूच्या दोन हलत्या चकत्या. एका बाजूने दाब आला की चकती सरकून वाट देते, उलटा दाब आला की जागेवर बसून वाट बंद करते. चीर नाही, त्यामुळे गाळ अडकायला जागा कमी. धातूचं असल्यामुळे उकळून निर्जंतुक करायला सोपं. किंमतही आधीच्या व्हॉल्व्हच्या मानाने बरीच कमी. नाव पडलं वेड-डाल-टिल व्हॉल्व्ह. 1962 साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये तो पहिल्यांदा एका मुलाला बसवला आणि 1964 मध्ये टिल यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. तिघांनीही त्यातून नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं. पुढे दोन-तीन हजार मुलांना तो बसवला गेला.

थिओला मात्र तो कधीच बसवावा लागला नाही. व्हॉल्व्ह तयार होईपर्यंत त्याच्या डोक्यातलं पाणी आपलं आपण वाट काढू लागलं होतं.

म्हणजे बघा, होल्टरने मुलासाठी बनवलेला पहिला व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या मुलाला लागला. डालच्या मुलासाठी बनवलेले तर सगळेच्या सगळे दुसऱ्यांच्या मुलांना लागले.

थिओ सावरत होता त्याच वर्षी, नोव्हेंबर 1962 मध्ये, ऑलिव्हियाला गोवर झाला. साधा गोवर. गोवरावरची लस अमेरिकेत 1963 मध्ये आली, म्हणजे तेव्हा ती नव्हतीच. गोवर मेंदूत शिरला आणि 17 नोव्हेंबरला ती गेली. सात वर्षांची होती. ज्या घराने दोन वर्षं एका मुलाच्या मेंदूवर पहारा दिला, त्या घरातलं दुसरं मूल मेंदूच्याच दुखण्याने गेलं, आणि या वेळी लेथवर बनवता येईल असं काही नव्हतं.

तेव्हा डाल गेला आपल्या जुन्या हेडमास्तरांकडे. फिशर आदल्याच वर्षी आर्चबिशपपदावरून निवृत्त झाले होते. बाप दुःखाने वेडा झाला की कुणाकडे तरी जातो. आपल्याकडे गुरुजींकडे जातात, कुणी बुवांकडे जातात, डाल ज्याला ओळखत होता अशा सर्वांत मोठ्या धर्मगुरूकडे गेला. डालने नंतर मुलांना सांगितलेली हकीकत अशी. फिशर म्हणाले, ऑलिव्हिया स्वर्गात आहे. पण तिचा लाडका कुत्रा रोली तिला तिथे कधीच भेटणार नाही, कारण प्राण्यांना स्वर्गात जागा नाही. डालला हे सहन झालं नाही. या माणसाला इतकी खात्री कशी, असं त्याला वाटलं. आणि हे म्हणे चर्चमधले सर्वांत मोठे! तिथून त्याची श्रद्धा जी उडाली ती उडालीच.

मी काही धार्मिक माणूस नाही, पण मला फिशर यांचा फार राग येत नाही. ते सिद्धांत सांगत होते. चुकलं ते एवढंच, की समोरचा माणूस सिद्धांत विचारायला आलाच नव्हता. वेडकडे जाऊन डालने 'हे बनवशील का' विचारलं, वेडने 'बघतो' म्हटलं असणार आणि कामाला लागला असणार. फिशर यांच्याकडे 'बघतो' म्हणण्यासारखं काही नव्हतं. तरी 'माहीत नाही' म्हणता आलं असतं.

डाल फार चांगला माणूस होता असं मात्र समजू नका. ज्यूंबद्दल तो जे बोलला त्याची माफी 2020 मध्ये त्याच्या कुटुंबाने मागितली. पॅट्रिशियाला 1965 मध्ये गरोदरपणात मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा त्याने तिला इतकं कडक राबवून पुन्हा बोलतं-चालतं केलं, की त्याला प्रेम म्हणावं की छळ यावर लोक अजून भांडतात. 1983 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. पण त्याच घरातली दुसरी बाजूही सांगायला हवी. नवऱ्याने चर्चकडे पाठ फिरवली, पॅट्रिशिया मात्र हळूहळू तिकडे वळली. कनेक्टिकटमधल्या बेनेडिक्टीन जोगिणींच्या मठात ती राहून आली, 2010 मध्ये मृत्यूच्या काही महिने आधी कॅथलिक झाली आणि त्याच मठात तिला पुरलं आहे. एकच मुलगी गेली, एकाच मुलाच्या उशाशी दोघं जागले, आणि एकाची श्रद्धा गेली, दुसरीला मिळाली.

गोष्ट इथे संपली असती, पण या व्हॉल्व्हच्या मागे मागे जाताना मी युगांडात पोचलो आणि वाटेत चक्क उत्तर प्रदेश लागलं.

डॉ. बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन न्यूरोसर्जन. 2000 साली बायको आणि सहा मुलांना घेऊन ते युगांडातल्या म्बाले या गावी गेले, एका ख्रिस्ती संस्थेच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये. धर्माच्याच प्रेरणेने गेले. देशात न्यूरोसर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हॉस्पिटलच्या दारात मोठ्या डोक्याची बाळं घेतलेल्या आयांची रांग. यातल्या निम्म्याहून अधिक बाळांना हा आजार जन्मानंतरच्या जंतुसंसर्गाने झालेला होता, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं.

अमेरिकन शंट तेव्हा साडेसहाशे डॉलरचा. वॉर्फ यांनी एक भारतीय शंट वापरून पाहिला. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. छाबरा यांचा, शाहजहानपूरला बनणारा, किंमत 35 डॉलर. 195 मुलांमध्ये दोन्हींची तुलना केली आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापला: वर्षाअखेर फरक नाही. या छाबरा शंटचं नाव आहे 'स्लिट अँड स्प्रिंग'. स्लिट म्हणजे चीर. कुलपांच्या कारखान्यातल्या होल्टरची चीर.

पण स्वस्त शंटही तुंबतोच. फिलाडेल्फियात तुंबला तर गाडी काढून हॉस्पिटल गाठता येतं. म्बालेपासून दिवसभराच्या वाटेवर राहणाऱ्या आईने काय करायचं? बस नाही, पैसे नाहीत, आणि मूल झोपाळू झालंय. म्हणून वॉर्फ यांनी नळीच नको असा मार्ग धरला. दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला एक भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला आतल्या आत दुसरी वाट मिळते. हे आधीपासून करत असत, पण तान्ह्यांमध्ये ते नीट चालत नसे. वॉर्फ यांनी सोबत पाणी तयार करणारे झुबकेही जाळून कमी केले. वाट मोठी करायची आणि नळही थोडा बंद करायचा. 2017 मध्ये म्बालेच्याच 100 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (पहिलं नाव डॉ. कुलकर्णी, टोरोंटोचे. आडनाव बघून उगाच बरं वाटलं.) एक वर्षानंतर शंटवाली मुलं आणि बिनशंटवाली मुलं यांच्या बौद्धिक वाढीत फरक आढळला नाही.

अर्थात हे भोकही कधी कधी बुजतं. आणि ते बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच बुजतं. म्हणून म्बालेहून बाळ घरी निघालं तरी आईला काही गोष्टींवर लक्ष ठेवावंच लागतं. टाळू फुगतेय का, बाळ सारखं ओकतंय का, जास्त झोपतंय का, डोळे खाली वळलेत का.